बाळंतिणीच्या खोलीतला हिरवा दिवा

नागपुरातल्या घरांमध्ये मी आगीचे अलार्म बसवतो. बसवून आल्यावर ते पुढे कुठे कुठे सापडतात, ते आधी सांगतो. एक फ्रिजमध्ये सापडला, भाजीच्या खणात, कोथिंबिरीच्या जुडीखाली. एक तांदळाच्या डब्यात. एकाला आंघोळीची प्लास्टिकची टोपी घातलेली होती. सत्यनारायणाच्या दिवशी घातली आणि काढायची राहून गेली. मी पाहिला तेव्हा टोपीच्या आत कोळ्याने संसार थाटला होता. महाल भागातल्या एका गृहस्थांनी तर आपला अलार्म व्याह्यांना भेट म्हणून देऊन टाकला. का दिला म्हणून विचारलं तर म्हणाले, "त्यांच्याकडे बोलायला कोणी नाही, आमच्याकडे आधीच चौघं आहेत."

यात मी कधी कोणावर रागावलो नाही. रागावण्याचा अधिकार मी बऱ्याच वर्षांपूर्वी गमावला आहे. का, ते पुढे येईलच. लिहिताना मध्येच कच खाल्ली तर संपादकांनी मला फोन करावा असं सांगून ठेवलं आहे.

आम्ही कोष्टी. घरात हातमाग होता. वडील मागावर बसले की खट्-खट् चालू, आणि आई आत स्वयंपाकात. तो आवाज मध्येच थांबला की आई आतून विचारायची, "काय झालं?" धागा तुटलेला असायचा किंवा वडिलांना खोकला आलेला असायचा. म्हणजे आमच्याकडे आवाज चालू तर सगळं ठीक, आणि शांतता झाली की काहीतरी बिघडलं. माग गेला, मी वायरमन झालो, हिंगण्याच्या एका कारखान्यात आगीच्या अलार्मची देखभाल शिकलो आणि पुढे हा घरगुती धंदा धरला. इथे सगळं उलटं. शांतता म्हणजे सुख आणि आवाज म्हणजे संकट. हा उलटा हिशेब माझ्या अंगवळणी कधी पूर्ण पडलाच नाही, असं आता वाटतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी धंदा थोडक्यात सांगतो. अलार्म तीन जातींचे. पहिला धुराचा, तो बैठकीत, जिन्यात, झोपायच्या खोल्यांबाहेर लावायचा. दुसरा उष्णतेचा, तो स्वयंपाकघरात. तिथे धुराचा लावला तर नागपुरात कोणी फोडणीच घालू शकणार नाही. माझ्या स्वतःच्या आईने एकदा सावजी मटणाचा मसाला परतला तेव्हा घरातला धुराचा अलार्म असा काही ओरडला की शेजारचे चपला हातात घेऊन बाहेर आले. आई शांतपणे म्हणाली, "त्यालेही ठसका लागला." तिसरा अलार्म कार्बन मोनॉक्साइडचा. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, खोकलाही येत नाही. बंद न्हाणीघरातला गॅस गिझर, बंद खोलीतला कोळसा, यांतून तो निघतो आणि माणूस झोपेतच राहतो. धुराशी या तिसऱ्या अलार्मला काही देणंघेणं नाही. उदबत्ती लावा, धूप घाला, तो ढिम्म. तो ओरडला तर एकाच कारणाने ओरडतो. हे वाक्य मी गेली अनेक वर्षं प्रत्येक घरात उभं राहून म्हणत आलो आहे. वाचकांनी ते लक्षात ठेवावं, कारण मी ते एकदा विसरलो. विसरलो हा शब्दही मी स्वतःवर माया करून वापरतो आहे.

हे सगळे अलार्म बिनतारी जोडलेले असतात. एक ओरडला की घरातले सगळे ओरडतात. सुरुवात कोणी केली ते त्याच्या लुकलुकणाऱ्या लाल दिव्यावरून कळतं. म्हणजे मागच्या खोलीत काही झालं तर पुढच्या खोलीतल्या माणसाला कळावं. लोकांना नेमकं हेच आवडत नाही. मागच्या खोलीतलं पुढच्या खोलीत कळू नये यावर आपली अर्धी घरं उभी आहेत.

आता काळे काकू. आडनाव बदललं आहे. काकू सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या, यजमान आधीच गेलेले, मुलगा निरंजन परदेशात. माझी निम्मी गिऱ्हाइकं अशीच. मुलं तिकडून आईबापांची काळजी खोक्यात भरून पाठवतात आणि मी ती भिंतीला स्क्रूने घट्ट करतो. निरंजनने तिकडूनच सगळं ठरवलं. बैठकीत धुराचा, जिन्यात धुराचा, ओट्यावर उष्णतेचा. मागच्या खोलीच्या न्हाणीघरात गॅस गिझर होता, म्हणून तिसऱ्या जातीचा त्या खोलीत लावला, पलंगावरून दिसेल अशा जागी. काम झाल्यावर काकूंनी चिवडा दिला आणि म्हणाल्या, "परातेभाऊ, हा हिरवा दिवा सारखा लागून राहील का हो? बरं वाटतं बघायला. देवघरासारखं."

त्याच वर्षी हिवाळ्यात काकूंची मुलगी रश्मी बाळंतपणाला आली. धंतोलीतल्या एका दवाखान्यात मुलगी झाली आणि मायलेकी मागच्या खोलीत आल्या. नागपूरची थंडी बाहेरच्यांना खरी वाटत नाही, पण त्या वर्षी चांगलीच पडली होती. आणि आपल्याकडे बाळंतिणीला शेक-शेगडी असतेच. रोज मालिश, कढत पाण्याने न्हाणं, मग दारंखिडक्या घट्ट लावून पलंगाखाली फुललेल्या कोळशांची शेगडी, वर ओवा नि धूप टाकून धुरी. माझ्या आईने माझ्या बायकोला हेच केलं, तिच्या आईने तिला. मालिशीला कमलाबाई यायच्या, कमरेत वाकलेल्या, पण हात असे की रश्मी म्हणायची, अंगाची कणीक होते.

धुरी सुरू झाली आणि काकूंचे फोन सुरू झाले. पहिल्या वेळी मी गेलो तर जिन्यातल्या धुराच्या अलार्मचा लाल दिवा लुकलुकत होता. तो मी लांब सरकवला. त्यात काही चुकलं नाही. पुढे पुन्हा फोन आला. सगळे अलार्म ओरडताहेत, बाळ दचकून दूध ओकलं, लवकर या. मी पोचलो तेव्हा जिन्यातल्याचा लाल दिवा बंद होता. बैठकीतल्याचाही बंद. मागच्या खोलीतला लुकलुकत होता. तिसऱ्या जातीचा.

मी तो पाहिला. हे मला स्वच्छ लिहायचं आहे. मी तो पाहिला आणि मला कळलं.

रश्मी पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. आईला सांगत होती की दोन दिवस डोकं ठणकतंय, मळमळतंय, गच्चीवर उन्हात गेलं की बरं वाटतं, आत आलं की पुन्हा तेच. अलार्मसोबत जे माहितीपत्रक येतं, त्याच्या शेवटच्या पानावर शब्दाला शब्द हेच छापलेलं आहे. मी ते किती घरांत वाचून दाखवलं असेल. पण त्या खोलीत माझ्याआधी कमलाबाई बोलल्या. "वारं भरलं तुले. काहून गच्चीवर जातं वं? शेगडीत कोयसा वाढवतो अन् फटीत कपडा कोंबतो, मग पाह्य कशी बरी होते." काकूंनी मान हलवली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, हा काढून टाका म्हणत नाही. निरंजन रोज व्हिडिओवर विचारतो, दिवा दाखव म्हणतो. पण याला जरा समजावा. परवा बारसं आहे. पाहुण्यांसमोर असा गळा काढला तर लोक काय म्हणतील?"

मी काय करायला हवं होतं ते तुम्हाला कळलंच आहे. शेगडी बाहेर काढा, खिडकी उघडा, एवढंच म्हणायचं होतं. पण मी वायरमन, कोष्ट्याचा मुलगा, उंबऱ्यावर चपला काढून उभा, आणि समोर बाळंतिणीची खोली. तिथे पुरुषाने बोलायची पद्धत नाही. शिवाय हीच शेगडी माझ्या घरात जळली होती आणि माझी मुलं धडधाकट होती. आणि काकूंनी आमच्या कॉलनीत सगळ्यांकडे तुमचं नाव सांगते म्हणून कबूल केलं होतं. यातलं कुठलं कारण किती मोठं होतं ते मी आजवर ठरवू शकलो नाही. ठरवायचा प्रयत्न करतो तेव्हा प्रत्येक वेळी शेवटचंच थोडं पुढे सरकतं.

माझ्या पिशवीत गिऱ्हाइकांना दाखवायचा एक नमुना असतो. बाहेरून हुबेहूब खरा, आत काहीच नाही. एक छोटा सेल आणि हिरवा दिवा, एवढंच. खरा अलार्म मी काढला आणि त्या जागी तो नमुना लावला. काकूंना म्हणालो, "हा जरा जास्त नाजूक होता, बदलून दुसरा लावला आहे. हा उगाच ओरडणार नाही."

शेवटचं वाक्य अगदी खरं होतं.

मनात असं होतं की शेकाचा सव्वा महिना संपला की येऊन खरा परत लावायचा. काकूंनी माझ्यासमोरच निरंजनला फोन लावला आणि हिरवा दिवा दाखवला. तो तिकडून म्हणाला, थँक यू काका. मी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, कपाटातला तो खरा अलार्म पाहिला आणि नवा कोरा इथे कसा म्हणून विचारलं. मी म्हणालो, खराब निघाला. ती म्हणाली, खराब आहे हे तुम्ही कशावरून ठरवलं? तिला उत्तर द्यायला, म्हणजे स्वतःला बरोबर ठरवायला, मी त्याचं बटण दाबून धरलं. या जातीचे काही अलार्म आजवर त्यांनी हवेत पकडलेला सर्वांत मोठा आकडा लक्षात ठेवतात. आकडा आला. तो इथे लिहीत नाही, कारण त्याचा अर्थ फक्त धंद्यातल्या माणसाला कळेल. मंदाला तो कळला नाही, पण माझं तोंड तिला कळलं. म्हणाली, "कोणाच्या घरचा आहे हा?"

मी काकूंना फोन लावला. त्यांनी उचलला आणि कुजबुजल्या, "हळू बोला, आत्ताच न्हाऊन झोपल्यात दोघी."

म्हणालो, काकू, मागच्या खोलीच्या खिडक्या उघडा, आत्ता.

"अहो, वारं लागेल. ती आधीच मलूल झाली आहे. आणि तुमचा नवीन आहे ना आत. हिरवा लागून राहिलाय. काही असतं तर ओरडला असता."

मागे कुठेतरी काकूंच्या स्वयंपाकघरात नळ वाहत होता. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

"काकू," मी म्हणालो, "तो पोकळ आहे. त्यात काही नाही."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला, मग कडी, मग खिडकीची तावदानं भिंतीवर आपटल्याचा आवाज, मग रश्मीच्या नावाने हाका. हाका थांबल्या नाहीत. उत्तर आलं नाही. मी स्कूटरकडे पळालो.

मी पोचेपर्यंत कमलाबाईंनी ती पेटलेली शेगडी पदराने धरून अंगणात भिरकावली होती आणि मायलेकींना ओढत बाहेर आणलं होतं. बाळ अंगणात आल्यावर रडलं. ते रडणं मी फाटकातून ऐकलं. रश्मीला जाग यायला धंतोलीला पोचावं लागलं. दोघींना प्राणवायू लावला. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर. कमलाबाई दवाखान्याच्या पायरीवर भाजलेला हात धरून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "मीच कोयसा वाढवला ना गा. इतक्या बाळंतिणी केल्या, मले कोनी सांगितलंच नाही." मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. तेव्हाही मी काही सांगितलं नाही.

आता पुढचा भाग विनोदी आहे. डॉक्टरांना काकूंनी सांगितलं, यांनी फोन केला म्हणून कळलं. कॉलनीत पोचेपर्यंत त्याचं झालं, अलार्म वाजला म्हणून कळलं. संक्रांतीच्या कार्यक्रमात त्याचं झालं, परात्यांच्या अलार्मने दोन जीव वाचवले, आणि मला व्यासपीठावर बोलावून शाल आणि नारळ दिला. अध्यक्षांनी भाषणात मला सजग प्रहरी म्हटलं. काकू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या आणि सतरंजीकडे बघत होत्या. निरंजनने तिकडून माझ्याबद्दल इंटरनेटवर चार ओळी लिहिल्या. मी लावलेल्या अलार्ममध्ये एकच पोकळ होता आणि सगळा नावलौकिक त्यानेच मिळवून दिला. त्यानंतर मला कधी गिऱ्हाईक शोधावं लागलं नाही. लोक फोन करून म्हणत, तोच द्या, काळ्यांकडे वाजला तो.

काकूंनी कोणालाच काही सांगितलं नाही. पुढच्या दिवाळीला मी गेलो तेव्हा फराळाचं ताट पुढे ठेवून एवढंच म्हणाल्या, "तुमचं तुमच्यापाशी, माझं माझ्यापाशी. चकली घ्या." शेगडी त्यांनी पेटवली होती, म्हणून त्या गप्प होत्या. त्या गप्प होत्या, म्हणून मी गप्प होतो. आमचेही अलार्म जोडलेले होते असं म्हणता येईल, फक्त ओरडायची सुरुवात कोणी करेना.

या सगळ्यात रश्मीचं काय गेलं ते कोणी पाहिलं नाही. ती बँकेत होती. खात्यांचे आकडे तिच्या डोक्यात राहायचे. त्यानंतर जवळजवळ वर्षभर ते राहिले नाहीत. ओळखीची नावं जिभेवर येऊन थांबायची. सगळे म्हणायचे, बाळंतपणानंतर होतं असं. मला माहीत होतं की ते बाळंतपणाचं नव्हतं. ते कळूनही मी पुढच्या गिऱ्हाइकाकडे जात होतो.

काकू आता नाहीत. या उन्हाळ्यात रश्मीचा फोन आला. वर्धा रोडला तिने स्वतःचा फ्लॅट घेतला आहे, तिथे सगळे अलार्म लावायचे आहेत. मी गेलो. तिची मुलगी आता चांगली उंच झाली आहे आणि तिला माझी गोष्ट पाठ आहे. मला बघून म्हणाली, "तुमच्याच अलार्मने मला वाचवलं ना?" मी स्टुलावर चढलो. वर चढलं की तोंड लपवता येतं, ही या धंद्यातली एक सोय आहे.

खालून रश्मी सहज बोलत होती. "त्या दिवसाचं थोडंच आठवतं, काका. जीव घाबरा होत होता. आईला म्हणणार होते, खिडकी उघड. मग त्या हिरव्या दिव्याकडे बघितलं. म्हटलं, काही असतं तर हा ओरडला असता. आणि पडून राहिले."

माझ्या हातात स्क्रू होता. तो मी तोंडात धरला, मग काढला, मग खिशात ठेवला आणि खाली उतरलो. पिशवीतून नमुना काढून तिच्यासमोर टेबलावर ठेवला आणि त्याची मागची बाजू उघडली. सांगायला फार शब्द लागले नाहीत. इतकी वर्षं वाटत होतं की खूप लागतील.

ती त्या रिकाम्या डबीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आईला माहीत होतं?"

"फोनवर सांगितलं तेव्हापासून."

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मी सोडून. आणि माझं ते वर्ष..."

मुलगी दारात उभी होती. रश्मीने तिला आत पाठवलं नाही. नमुना उचलला, नखाने सेल काढला आणि आपल्या मुठीत ठेवला. हिरवा दिवा गेला. रिकामी डबी तिने माझ्याकडे सरकवली. "ही तुमची. दाखवायची तर अशी दाखवत जा. आता खरे लावा. प्रत्येकाचं बटण मी दाबून बघणार आहे."

मी लावले. तिने प्रत्येकाचं बटण दाबलं. प्रत्येक वेळी घरभर सगळे ओरडले, खालच्या मजल्यावरून कोणीतरी काय झालं म्हणून विचारलं, आणि मुलगी कानात बोटं घालून आईकडे बघत होती. मला त्या घराण्यात पहिल्यांदाच कोणी चहा विचारला नाही. जिना उतरताना ते मला बरोबर वाटलं.

नमुना अजून पिशवीत असतो. गिऱ्हाईक विचारतं, याचा दिवा का लागत नाही? मी सांगतो, हा पोकळ आहे, हा ओरडत नाही. परवा नंदनवन वस्तीत एका आजोबांनी तो हातात घेऊन उलटासुलटा पाहिला, भिंतीला टेकवून पाहिला आणि हळूच म्हणाले, "मग हाच बसवून दे ना गा. पोराले फोटो पाठवून देतो."

आजी आत खिडकी लावून कोळशाच्या शेगडीवर वांगं भाजत होत्या. मी नमुना आजोबांच्या हातातून काढून घेतला, चपला न काढता तसाच आत गेलो आणि आधी खिडकी उघडली.